धरणसाठ्याचा तक्ता फोटोतून डॅशबोर्डवर कसा आणायचा?

ओझर (ता. निफाड) : पावसाळा लागला की रोज सकाळी गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धरणसाठ्याचा तक्ता फिरायला लागतो. गंगापूर, दारणा, करंजवण, वाघाड, पालखेड अशी नावे, पुढे दशलक्ष घनफूट, शेवटी टक्के. कुणी हौशी त्याचेच रंगीत खांब करून टाकतो. पण तो शेवटी फोटोच. मोठा केला की अक्षरे फाटतात आणि ‘गेल्या वर्षी याच तारखेला वाघाडात किती होते?’ असे विचारले की फोटो गप्प. ओझर भागातल्या द्राक्षवाल्याला नेमका तोच प्रश्न पडलेला असतो.

ओझरला या आकड्यांची सवय जुनी आहे. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर, आणि ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाला. शेपटाला पाणी पोचत नाही हे रडगाणे सगळीकडचे. इथे समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे आणि आपल्यात वाटायचे, ही त्यांची रीत. पुढे सगळा वाघाड प्रकल्पच संस्थांच्या हाती आला. पाणी मोजून वाटणाऱ्याला फोटोतला आकडा पुरत नाही, त्याला मागचे-पुढचे जोडून पाहावे लागते.

बोट लावले की आकडा सांगणारा आलेख गावाला अगदी नवा नाही. मार्च २०२० नंतर कोविड१९इंडिया हे स्वयंसेवकांचे संकेतस्थळ अनेकांनी पाहिले. जिल्ह्यावर बोट ठेवले की त्या जिल्ह्याचे आकडे दिसत. हीच गोष्ट धरणाची करता येते, आणि त्याला मोठा खर्च नाही.

खरे काम आलेखाचे नाहीच, तक्त्याचे आहे. फोटोतले आकडे आधी शीटमध्ये उतरवावे लागतात. एका ओळीत एकच नोंद : तारीख, धरणाचे नाव, साठा. बस. ‘वाघाड’, ‘वाघाड धरण’, ‘वाघाड (दिंडोरी)’ असे तीन प्रकारे लिहिले तर संगणक तीन धरणे समजतो. आकड्याच्या घरात ‘दलघफू’ असे अक्षर लिहू नये, ते वर मथळ्यात लिहावे. सुट्टीच्या दिवशीचा आकडा मिळाला नाही तर घर रिकामे सोडावे, शून्य टाकू नये. नाहीतर एका दिवसात धरण कोरडे पडून दुसऱ्या दिवशी परत भरल्यासारखे दिसेल, आणि ग्रुपवर कल्ला होईल तो वेगळाच.

शीट तयार झाली की गूगल शीट्समध्ये ‘इन्सर्ट’मधून ‘चार्ट’ घेतला तर साधा रेषेचा आलेख तयार होतो. ‘फाइल’मधल्या ‘शेअर’खाली ‘पब्लिश टू वेब’ दाबले की त्याची लिंक मिळते. हे काम संगणकावर केलेले बरे, पाहणाऱ्याला मोबाइल पुरतो. एक जपावे : प्रकाशित करताना फक्त तो आलेख निवडावा. त्याच फाइलमध्ये सभासदांची नावे, थकबाकी, फोन नंबर असतील तर तेही जगजाहीर होतील. उत्तम म्हणजे वेगळीच फाइल करावी.

याच्या पुढची पायरी प्लॉटली. पायथन ही संगणकभाषा थोडीफार येणारा एखादा पोरगा गावात असतोच. प्लॉटलीचा गाभा २०१५ पासून सर्वांना फुकट आणि खुला आहे. त्यातून एकच वेबपानाची फाइल निघते. आलेखाची यंत्रणा त्याच फाइलमध्ये भरली तर ती काही एमबीची होते, पण रेंज नसलेल्या मळ्यातही उघडते. बाहेरून जोडली तर फाइल हलकी, पण नेट हवे. आलेखाखालच्या नावावर एकदा टिचकी मारली की ती रेषा लपते, दोनदा मारली की तेवढीच उरते. धरण निवडायची यादी, तारखेची पट्टी असे सगळे एका पानावर हवे असेल तर त्याच कंपनीचे डॅश आहे. मात्र त्याला कायम चालू सर्व्हर लागतो. गावच्या गरजेला बहुतेक वेळा त्याची जरूर नसते.

आलेखाची आडवी रेघ १ जानेवारीपासून काढू नये. सिंचन वर्ष १ जुलै ते ३० जून. खरीप १४ ऑक्टोबरपर्यंत, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, मग उन्हाळी. तेव्हा १ जुलैपासून रेषा सुरू करून दरवर्षीची रेषा एकमेकींवर ठेवली की यंदा किती आवर्तने निघतील याचा अंदाज डोळ्यालाच येतो. फोटोत हे जमत नाही.

टक्क्यांनी फसायला होते. पालखेड धरणाची क्षमता ६५३ दशलक्ष घनफूट, वाघाडची २३०२, करंजवणची ५३७१. पालखेड शंभर टक्के आणि करंजवण पन्नास टक्के असले तरी करंजवणात चौपट पाणी असते. म्हणून बोट लावल्यावर टक्के आणि घनफूट दोन्ही दिसले पाहिजेत. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये असतो, तो साठ्याच्या आलेखात मिसळू नये. १००० क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले तर ८६.४ दशलक्ष घनफूट जाते.

जिल्ह्याची एकत्रित टक्केवारीही तशीच फसवी. २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचा हिशोब होतो. २०२३ मध्ये तो पन्नास टक्क्यांच्याही खाली होता. ३० ऑक्टोबरला ८.६०३ टीएमसी सोडायचा आदेश निघाला : मुळा समूहातून २.१०, प्रवरातून ३.३६, गंगापूरमधून ०.५ आणि दारणा समूहातून २.६४३. त्यात पालखेड समूह नव्हता. ‘नाशिकचे पाणी चालले’ एवढेच वाचून वाघाड-पालखेडखालच्या शेतकऱ्याला आपले काय ते कळत नाही. म्हणून डॅशबोर्डवर जिल्ह्याच्या बटणाआधी समूहाचे बटण हवे, आणि जायकवाडीची ६५ टक्क्यांची आडवी रेघ सोबत काढलेली हवी.

मोबाइलवर पाहणारे जास्त, म्हणून एका वेळी दोन-तीनच रेषा ठेवाव्यात आणि अक्षरे मोठी असावीत. माउस फिरवल्यावर दिसणारा आकडा फोनवर टिचकीने दिसतो का, ते साध्या फोनवर तपासावे. पानाच्या वरच ‘शेवटची नोंद’ अशी तारीख हवी, कारण जुना आकडा नव्या दिमाखात दिसला की घोळ होतो. आणि ग्रुपवर टाकताना लिंक टाकावी. स्क्रीनशॉट टाकला की पुन्हा फोटोच झाला.