दोरी हातात, पण नाव कुणाचं?



जत्रेतलं जनावरांचं प्रदर्शन आपल्याला नवं नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. आज मी सांगणार आहे ती अशा प्रदर्शनांची विलायतेतली गोष्ट. ती कुत्र्यांची आहे, तशी बायकांचीही आहे.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसल गावी १८५९ साली कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. साठ कुत्री आली होती, सगळी शिकारीची. बक्षीस काय, तर बंदुका! म्हणजे खेळ पुरुषांचाच. १८७३ मध्ये ‘केनेल क्लब’ स्थापन झाला. जातींची नोंद, स्पर्धांचे नियम, सगळं त्याच्या हाती आलं.

पण कुत्रं रिंगणात उभं करायचं म्हणजे घरी किती राबावं लागतं! रोज केस विंचरायचे, नखं कापायची. परक्या माणसानं तोंड उघडून दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, तरी हलायचं नाही, ही सवय पिल्लू असल्यापासून लावायची. दोरी सैल ठेवून एका चालीत पळवायचं. धरणारीचा हात थरथरला तर ते कुत्र्याला दोरीतून कळतं. पण जोडी जमली, की त्या चालण्यात दोघांनाही मजा येते. आपली खोंडं पोळ्याला ऐटीत निघाली की आपल्याला वाटतं ना, तसंच.

हे काम बायकाही मन लावून करत होत्या. १८९१ मध्ये लंडनला ‘क्रफ्ट्स’ प्रदर्शन सुरू झालं, तेव्हा व्हिक्टोरिया राणीनंही आपली कुत्री पाठवली होती. १८९९ मध्ये क्लबनं बायकांसाठी वेगळी शाखा काढली. पूर्ण सभासदत्व मात्र दिलं नाही. बक्षीस मिळवा, पण नियम ठरवायला बसू नका!

फ्लॉरेन्स नेगल या बाईंना हे पटलं नाही. त्या आयरिश वुल्फहाउंड पाळायच्या. लांडग्याच्या शिकारीचं हे कुत्रं खांद्याशीच अडीच फुटांहून उंच असतं. १९६० मध्ये त्यांचा कुत्रा क्रफ्ट्समध्ये सर्वांत श्रेष्ठ ठरला. बाई शर्यतीचे घोडेही तयार करायच्या, पण परवाना त्यांच्याकडच्या नोकराच्या नावावर, कारण तो पुरुष! त्या कोर्टात गेल्या आणि १९६६ मध्ये स्वतःच्या नावानं परवाना मिळवला.

मग त्या केनेल क्लबकडे वळल्या. दाद मागितली, तिथं निकाल विरुद्ध गेला. तरी हटल्या नाहीत. शेवटी क्लबनंच नियम बदलला आणि १९७९ मध्ये बायका पूर्ण सभासद झाल्या. तेव्हा नेगलबाईंचं वय होतं चौऱ्याऐंशी!

मैत्रिणींनो, आपल्या गोठ्यातही पाहा. शेण आपण काढतो, वैरण आपण घालतो, धार आपण काढतो. दूध संस्थेच्या वहीत मात्र नाव कुणाचं असतं? गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं हे सांगायचं. आणि जिचं नाव नसेल, तिनं सभासदत्वाचा अर्ज आणायचा. तो भरायला आपण सगळ्या मिळून बसू.