'गांधी' जिंकला, त्या रात्री

११ एप्रिल १९८३ची रात्र आपल्याला एका नावामुळे माहीत असते. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं. 'गांधी'ने त्या रात्री एकूण ८ ऑस्कर नेली. संकलनाचं जॉन ब्लूम यांना मिळालं. हरलेल्यांत 'ई.टी.'च्या संकलक कॅरल लिटलटन होत्या.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी महिनाभर मी फक्त जुना, निरुपयोगी कोड काढत होतो. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'नवीन काय केलं?' हा रकाना होता. 'काय काढलं?' असा नव्हता. त्या वैतागातच मी संकलकांबद्दल वाचू लागलो आणि लिटलटनबाईंपाशी थांबलो.

कारण होतं 'द बिग चिल' (१९८३). एका मित्राच्या आत्महत्येनंतर कॉलेजचे जुने दोस्त एकत्र जमतात, अशी गोष्ट. त्या मृत मित्राची भूमिका केव्हिन कॉस्नरने केली होती. फ्लॅशबॅक चित्रित झाला होता. तो अख्खा काढला गेला. उरलं ते प्रेताला कपडे चढवतानाचं दृश्य, तेही चेहऱ्याविना. त्यामुळे आपल्यालाही तो मित्र फक्त इतरांच्या बोलण्यातून कळतो, आणि सिनेमा तिथेच घट्ट होतो. दिग्दर्शक लॉरेन्स कॅस्डन यांनी कॉस्नरला पुढे 'सिल्व्हराडो'त (१९८५) ठसठशीत भूमिका दिली. संकलक पुन्हा लिटलटनच.

'ई.टी.'च्या शेवटाची गोष्ट उलटी आहे. जॉन विल्यम्स यांचं संगीत चित्राच्या मापात नीट बसेना. स्पिलबर्गनी पडद्यावरचं चित्र बंद करायला लावलं आणि मैफलीत वाजवता तसं वाजवा म्हणाले. नंतर त्या संगीताप्रमाणे दृश्यांची लांबी बदलली. एरवी संगीत चित्रामागून येतं. हे सगळं फिल्म प्रत्यक्ष कापून, टेपने जोडून चालायचं. आमच्यासारखं एक बटण दाबून मागे जाण्याची सोय नव्हती.

पुढे 'ट्यूझडेज विथ मॉरी' (१९९९) या टीव्हीपटासाठी त्यांना एमी मिळालं. संकलकांच्या कामगार संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. स्पर्धेतलं ऑस्कर मात्र कधीच मिळालं नाही. जानेवारी २०२४मध्ये अकादमीने त्यांना मानद ऑस्कर दिलं. 'ई.टी.'च्या नामांकनाला तेव्हा ४१ वर्षं होत आली होती.

यंदा फॉर्म आला, तेव्हा 'नवीन काय केलं?'समोर मी लिहिलं: चार हजार ओळी काढल्या. सिस्टीम व्यवस्थित चालू आहे.