परसातला वड आणि तित्तिराची साक्ष

पाली त्रिपिटकात झाडांचे, वेलींचे, पाखरांचे आणि किड्यामुंग्यांचे जे असंख्य उल्लेख येतात, ते केवळ उपमेसाठी वापरलेले साहित्य होय असे समजून पुढे जाण्याची सवय आपल्या अभ्यासकांना जडलेली आहे. उपमेचा अर्थ हाती लागला की झाडाचे काम संपले, अशी ही समजूत. आमच्या मते ती सदोष आहे. ज्याने झाड पाहिलेलेच नाही त्याला त्याची उपमा सुचत नाही; आणि सुचली तरी ऐकणाऱ्यांनी ते झाड पाहिलेले नसेल तर ती पटत नाही. म्हणून या उपमांच्या मागे जे निरीक्षण उभे आहे त्याचा स्वतंत्र विचार करणे इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक ठरते. हे निरीक्षण कोणाचे, हा प्रश्नही त्यातूनच उपस्थित होतो.

वर्षावासाच्या नियमाची उत्पत्ती महावग्गात सांगितली आहे. पावसाळ्यातही भिक्खू गावोगाव हिंडत, तेव्हा लोकांनी तक्रार केली, की हे श्रमण हिरवे गवत तुडवितात, एकेंद्रिय जीवांना इजा करतात आणि कित्येक लहान प्राण्यांचा घात करतात. पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून पावसाळ्यात एका जागी राहतात, यांना तेवढेही कळत नाही काय, असाही टोला त्यांनी दिला. ही तक्रार कोणा पंडिताने केलेली नाही. मूळ पाठात शब्द आहे 'मनुस्सा', म्हणजे माणसे, सामान्य लोक. पहिल्या पावसात गवत उगवते, त्यात किडे होतात, पाखरे घरटी धरतात, हे शेताच्या बांधावर उभे राहून पाहिलेले होते. तथागतांनी ही तक्रार उडवून लावली नाही. तिच्या आधारे संघाला नियम घालून दिला.

हाच प्रकार भूतगाम या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाचित्तिय नियमाचा. आळवी येथील भिक्खू बांधकामासाठी झाडे तोडीत होते. तेथेही लोकांनी आक्षेप घेतला, आणि झाडात जीव आहे अशी लोकांची धारणा असल्याचे कारण देऊन नियम केला गेला. येथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घेतली पाहिजे. झाडाला जाणीव आहे असे भगवान बुद्धांनी या ठिकाणी प्रतिपादन केलेले नाही. लोक तसे मानतात एवढेच म्हटले आहे. जर्मन पंडित लाम्बर्ट श्मिटहाउझेन यांनी 1991 साली या एकाच प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, इतका तो नाजूक आहे. बुद्धांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरविण्याचा जो उत्साह अलीकडे दिसतो, त्याला म्हणूनच थोडा आवर घालावा असे आम्हांस वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्याच्या गळ्यात आजचे बिरुद अडकविल्याने त्याचा गौरव वाढत नाही.

या नियमाच्या विवरणात मात्र वनस्पतींचे जे वर्गीकरण दिले आहे ते आजही कोणत्याही परसात पडताळून पाहता येते. वनस्पती कशापासून उगवते यावरून तिचे पाच प्रकार केले आहेत. मुळापासून उगवणाऱ्यांत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा आणि नागरमोथा यांची नावे आहेत. खोडापासून उगवणाऱ्यांत पिंपळ, वड, उंबर व त्यांच्या जातीची झाडे. पेरापासून उगवणारे ऊस, वेळू आणि नळ. शेंड्यापासून उगवणाऱ्यांत तुळशीच्या जातीच्या सुगंधी वनस्पती. आणि शेवटी बियांपासून उगवणारी धान्ये व कडधान्ये. हळदीचा गड्डा, उसाचे पेर असलेले बेणे, वडाची फांदी आणि सब्जाचा शेंडा लावणाऱ्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. तसे ते वाटू नये, यातच या यादीचे महत्त्व आहे. तिच्यात देवतेचा संबंध नाही, पवित्र-अपवित्राची उतरंड नाही. पिंपळ आणि उंबर हे ऊस व हळद यांच्याच पंक्तीला बसले आहेत, आणि प्रश्न एकच विचारला आहे: हे लावायचे तर काय लावायचे? ज्यांचे हात मातीत होते त्यांचे ज्ञान विनयधरांनी जसेच्या तसे उचलले, असा निष्कर्ष काढण्यास आम्हांस कोणतीच अडचण दिसत नाही.

आता चुल्लवग्गातील तित्तिराच्या कथेकडे वळू. ही कथा जातकातही आहे, परंतु विनयात तिला जो संदर्भ आहे तो अधिक मोलाचा. सहा जणांच्या टोळीच्या शिष्यांनी पुढे जाऊन निवासाच्या सर्व जागा अडविल्या आणि सारिपुत्त थेरांना रात्र झाडाखाली काढावी लागली. भगवंतांनी संघाला विचारले, की उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम अन्न यांचा मान प्रथम कोणाला? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेल्याला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. कोणी गृहपती कुळाचे नाव घेतले. ही उत्तरे न स्वीकारता तथागतांनी एका वडाची गोष्ट सांगितली.

हिमालयाच्या पायथ्याशी एका मोठ्या वडाजवळ तित्तिर, वानर आणि हत्ती राहत. आपल्यांत वडील कोण हे ठरवावे असे तिघांच्या मनात आले. हत्ती म्हणाला, लहानपणी मी या झाडावरून चालत जाई तेव्हा त्याचा शेंडा माझ्या पोटाला लागे. वानर म्हणाले, मी लहान असताना जमिनीवर बसूनच याचा शेंडा कुरतडीत असे. तित्तिर म्हणाला, अमुक ठिकाणी एक मोठा वड होता. त्याचे फळ खाऊन मी येथे विष्ठा केली आणि तिच्यातून हे झाड उगवले. तेव्हा तित्तिर ज्येष्ठ ठरला, आणि संघात उपसंपदेच्या ज्येष्ठतेप्रमाणे वंदन व आसन असा नियम झाला.

या कथेचे तात्पर्य सर्वांना ठाऊक आहे. तिचा पुरावा कोणता आहे, याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. कुळाचा दावा वंशावळीवर उभा असतो, आणि वंशावळ सांगणाऱ्याच्या शब्दापलीकडे तिला साक्ष नसते. येथे साक्ष वडाची आहे, आणि ती कोणालाही तपासता येणारी आहे. वडाचे बी पाखराच्या पोटातून जाऊन दुसरीकडे रुजते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यापुढेच ही गोष्ट सांगता येत होती. आजचा वनस्पतिशास्त्रज्ञ एवढेच म्हणेल, की दाणे भरडून खाणाऱ्या तित्तिरापेक्षा मैना, बुलबुल, तांबट आणि कोकीळ ही पाखरे हे काम अधिक करतात. मूळ निरीक्षणाला त्याने बाध येत नाही. जन्माने मिळणारा मान नाकारण्यासाठी तथागतांनी पाखराच्या विष्ठेतून उगवलेल्या रोपाचा दाखला घ्यावा, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेत वाढलेल्या श्रोत्याला तो दाखला थोडा बोचलाही असेल.

वडाची दुसरी बाजूही त्या लोकांनी पाहिली होती. कोटिसिम्बलि जातकात सावरीच्या झाडावर प्रचंड सुपण्ण येऊन बसतो तेव्हा झाड डगमगत नाही, पण वडाची फळे खाणारे एक लहानसे पाखरू बसताच वृक्षदेवता थरथरू लागते. पलास जातकात पळसाच्या बेचक्यात रुजलेले वडाचे रोप वेळीच काढून टाक, असे हंस बजावतो. ते ऐकले जात नाही आणि पळस नष्ट होतो. मज्झिम निकायाच्या चूळधम्मसमादान सुत्तात वडाच्या जागी मालुवा नावाची महावेल आहे. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात तिची शेंग फुटते, बी सालवृक्षाच्या मुळाशी पडते. मोर ते गिळील, हरीण खाईल, वणव्यात जळेल, वाळवी लागेल, अशी समजूत सोबती घालतात. तसे काही होत नाही. पावसाने बी रुजते आणि वेल शेवटी त्या वृक्षाच्या फांद्या मोडून टाकते. एका बीजाच्या नाशाची इतकी कारणे मोजून सांगणारा मनुष्य जंगलात डोळे उघडे ठेवून वावरलेला होता.

या कथांत वृक्षदेवता येतात म्हणून काही बुद्धिवादी वाचक त्यांना बाजूला सारतात. त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. परंतु देवता काढून टाकली तरी वडाचे रोप पळसाला आवळून मारते, हे सत्य जागच्या जागी राहते. जुन्या भिंतीत, ताडाच्या खोडात किंवा विहाराच्या कठड्यात उगवलेले पिंपळाचे रोप ज्यांनी दोन वर्षे वाढू दिले असेल, त्यांना पुढे काय होते हे सांगण्याची गरज नाही.

पळसाचा विषय निघाला आहे म्हणून संयुत्त निकायातील किंसुकोपम सुत्ताचा उल्लेख केला पाहिजे. ज्याने किंसुक पाहिला नाही असा मनुष्य पाहिलेल्यांकडे जाऊन तो कसा असतो हे विचारतो. एक सांगतो, जळक्या खुंटासारखा काळा. दुसरा सांगतो, मांसाच्या तुकड्यासारखा लाल. तिसरा, साल लोंबणारा व शेंगा फुटलेला शिरीषासारखा. चौथा, वडासारखा दाट सावलीचा. चौघेही खरे बोलतात, कारण प्रत्येकाने तो वेगळ्या ऋतूत पाहिला. विदर्भातील वाचकाला हे चारही पळस ओळखीचे आहेत. उलट केंब्रिजच्या इंग्रजी जातक भाषांतरात पलास जातकातील पळसासाठी 'जुडास ट्री' हे नाव घातले गेले. ते भूमध्य समुद्राकाठचे, जांभळट गुलाबी फुलांचे झाड आहे. ज्या देशात पळसाला पाने तीनच हे पोराटोरांना ठाऊक, तेथील ग्रंथ वाचण्यासाठी आपण त्या भाषांतराचा आधार घेतो. पाली शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच शब्दकोशाइतकाच खेड्यातील वडीलधाऱ्यांचा आधार घेण्यास सांगतो.

पाखरांविषयीही असेच. कोकालिक जातकात कोकीळ मादी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, कावळीण ते आपले समजून उबविते, आणि पिलू अवेळी स्वतःच्या आवाजात ओरडताच ती त्याला चोचीने टोचून मारते. कथेला वाचाळपणाचा दोष दाखवायचा आहे. परंतु परपुष्ट पिलाची हकीकत अंगणात पाहिलेली आहे. मिलिन्दपञ्हात शत्रू आला की शेपूट फुलवून तिनेच लढणारी खार आहे, आणि स्वतःवर मातीचे छत घालून चरायला जाणारी वाळवी आहे. यांपैकी एकही प्राणी पाहण्यासाठी घराच्या आवाराबाहेर जावे लागत नाही.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर 26 वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात हेच ज्ञान राजाज्ञेत उतरले. अवध्य ठरविलेल्या प्राण्यांच्या यादीत पोपट, मैना, चक्रवाक आणि हंस यांच्याबरोबर वटवाघूळ व कासव आहे. पांढरे कबुतर आणि गावातले कबुतर यांची वेगवेगळी नोंद आहे. 'अंबाकपीलिका' या शब्दाचा अर्थ काही पंडित राणीमुंगी असा, तर काही आंब्यावरची मुंगी असा करतात. अर्थ कोणताही घेतला तरी मुंगीचे नाव पाटलिपुत्राच्या राजाज्ञेत आले, हे खरे. त्याच लेखात जिवंत प्राणी असलेले भूस जाळू नये असेही सांगितले आहे. खळ्यावरच्या भुसात किडे असतात, ही माहिती राजवाड्यात जन्मलेली नव्हे.

आणि शिल्पकारांचे काय? 1873 साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना भरहुत येथे जे अवशेष आढळले, त्यांत पूर्वबुद्धांचे बोधिवृक्ष कोरलेले आहेत. महापदान सुत्तात सांगितल्याप्रमाणे विपस्सीचा पाटल, वेस्सभूचा साल, ककुसन्धाचा शिरीष, कोणागमनाचा उंबर, कस्सपाचा वड आणि गोतमाचा पिंपळ. खाली ब्राह्मी लिपीत नावे आहेत. परंतु इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील त्या पाथरवटांनी पानापानांतला भेद इतक्या निगुतीने दाखविला आहे, की कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्या शिळांपुढे उभा राहणारा, ब्राह्मीचे एक अक्षरही न येणारा शेतकरी त्यांतील पिंपळ आणि वड सहज वेगळे करून दाखवील.