सरबत

मुंबईच्या मार्व्याहून बोटीनं खाडी ओलांडून मनोरीला उतरलं की पहिली ओढ लिंबू सरबताची. परवा पेल्याच्या तळाशी न विरघळलेली साखर ढवळताना शब्दच मनात घोळू लागला. अरबीत 'शरिब' म्हणजे पिणं. 'शराब' आणि 'शर्बत' ही त्याच मुळाची सख्खी भावंडं. फारसीतून आलेलं शरबत मराठी जिभेवर सरबत झालं. तुर्कांचं 'शेर्बेत' इटलीत पोचून 'सोर्बेत्तो' झालं आणि बर्फात गोठलं. १६९० च्या दशकात नेपल्समध्ये अंतोनिओ लातिनीनं सोर्बेत्तोच्या कृती आपल्या पाककलेच्या ग्रंथात नोंदवल्या. फ्रेंचांनी त्याला 'सॉर्बे' म्हटलं. आज मुंबईत कोकमाचं सॉर्बे चमच्यानं खातात, कोकमाचं सरबत घोटाघोटानं पितात. फळ एक, शब्दाचं कुळही एकच!