विषय : नक्कल मिळणेबाबत

शाळेत शिकवतात ते 'मिळण्याबाबत'. कचेरीला मात्र 'मिळणेबाबत'च गोड लागते. उजव्या कोपऱ्यात तारीख, डावीकडे 'प्रति', खाली साहेबांचा हुद्दा, आणि मग अर्जाचा सगळा जीव असलेली ती एक ओळ. अंधेरीच्या पालीराम मार्गावरचे के-पश्चिम, घाटकोपरच्या जवाहर मार्गावरचे एन, मुलुंडच्या देवीदयाल मार्गावरचे टी, बोरिवलीचे आर-मध्य : महापालिकेच्या कुठल्याही वॉर्ड ऑफिसच्या आवक-जावक खिडकीशी अर्धा तास उभे राहावे, ही ओळ हटकून दिसते. आणि नक्कल मिळाली की तिच्यावर शिक्का पडतो, 'खरी नक्कल'. नक्कल खरी कशी असेल, असा प्रश्न मराठीच्या मास्तरांना पडावा. कारकुनाला तो पडत नाही.

हौस म्हणून नक्कल मागायला कोणी येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळवायचे तर १ जानेवारी १९९५ ला, पुढे १ जानेवारी २००० ला, आपण तिथेच राहत होतो हे दाखवावे लागते. मग जुन्या मतदार यादीच्या प्रमाणित उताऱ्याची शोधाशोध सुरू होते. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ चा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० चा. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, तर २००८ च्या दुरुस्तीने मिळालेल्या मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे ज्याला सगळी उपनगरे 'डीम्ड कन्व्हेयन्स' म्हणतात त्यासाठी, मंजूर नकाशा आणि प्रॉपर्टी कार्ड जमवावे लागते. यातले सगळेच कागद सरकारदरबारी असतात आणि ते आणून दाखवायची जबाबदारी नागरिकाची असते. सरकारचाच कागद सरकारकडून आणून सरकारलाच दाखवायचा!

माहितीचा अधिकार आला तेव्हापासून माणसे कागद मागू लागली, असा एक सोयीचा समज आहे. खिडक्या त्याआधीही होत्या, फक्त अरुंद होत्या. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ७६ सांगत होते की, जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा एखाद्याला हक्क आहे, त्याची प्रत फी घेऊन त्याला दिलीच पाहिजे. मेख 'हक्क आहे' या दोन शब्दांत. हक्क कोणाला आहे, हे टेबलापलीकडचा माणूस ठरवत असे. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा निदान घरपट्टीच्या बाबतीत जास्त उदार होता. करनिर्धारणाच्या वहीतला आपल्या घरापुरता भाग मालक किंवा भाडेकरूने फुकट पाहावा, बाहेरच्याने फी भरून पाहावा, अशी त्यात सोय होती. १९०८ च्या नोंदणी कायद्याने खरेदीखतांची सूची कोणालाही फी भरून पाहता येई. आजही घर घेणाऱ्याच्या तोंडी असलेला 'इंडेक्स टू' तो हाच. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानेही कोणाही व्यक्तीला नोंदवहीत शोध घ्यायला लावण्याची मुभा दिली. या फटींच्या मागे मात्र १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा पहारेकऱ्यासारखा उभा होता, आणि गुप्तहेरांसाठी केलेल्या त्या कायद्याचा धाक गटाराच्या अंदाजपत्रकालाही पुरत असे.

उपनगरांचे दुखणे याहून वेगळे आहे. इथे कागद द्यायचा की नाही याआधीचा प्रश्न, कागद आहे कुठे?

ही उपनगरे म्हणजे साष्टी बेटावरची गावे; त्यांनी इतके धनी पाहिले की दप्तराला एक घर कधी लाभलेच नाही. पोर्तुगीज गेले, १७३९ नंतर मराठे आले, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. पुढच्या शतकात कंपनी सरकारने गावेच्या गावे पारशी शेटजींना खोतीने बहाल केली. पवई फ्रामजी कावसजींकडे गेली, ओशिवऱ्यापासून दहिसरपर्यंतची बरीच जमीन बैरामजी जीजीभॉय घराण्याकडे. खोताचे दप्तर खोताच्या घरात. या वतनांची सारामाफी १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने संपवली तेव्हा अनेक जमिनींचा हिशेब पहिल्यांदा सरकारी वहीत नीट उतरला.

कारभाराची हद्दही सरकत राहिली. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा कोरून काढला. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर-किरोळ यांच्या स्वतःच्या नगरपालिका होत्या. १५ एप्रिल १९५० ला महापालिकेची हद्द पश्चिमेला अंधेरीपर्यंत आणि पूर्वेला घाटकोपरपर्यंत आली. १ फेब्रुवारी १९५७ ला दहिसर आणि मुलुंड गाठले. बोरिवली-मुलुंडकडची गावे या सुमारापर्यंत ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑक्टोबर १९९० ला बृहन्मुंबईचे शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे झाले आणि उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी वांद्र्याला बसली. म्हणजे बोरिवलीच्या एखाद्या आजोबांची जन्मनोंद हवी असेल, तर त्यांचा जन्म १९५७ च्या आधीचा की नंतरचा, यावर कुठल्या गावची लोकल पकडायची ते ठरते. खेडे असताना जन्ममृत्यू गाव नमुना १४ मध्ये चढत. लोक त्याला 'कोतवाल बुक' म्हणतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत. मोडी वाचणारा माणूस शोधणे, हा मग अर्जाइतकाच मोठा उद्योग होऊन बसतो.

आजही महापालिका एकच असली तरी तिच्या कागदांचे पत्ते अनेक आहेत. मुलुंडच्या इमारतीवर बेकायदा मजला चढला, तर त्याची तक्रार आणि नोटीस टी वॉर्डच्या इमारत व कारखाने विभागात. पण त्याच इमारतीचा मंजूर नकाशा तिथे सापडत नाही. पूर्व उपनगरांचे इमारत प्रस्ताव खाते वर्षानुवर्षे विक्रोळीच्या पेपर मिल कंपाउंडमध्ये होते. अंधेरीकराला त्याच कामासाठी वांद्रे, बोरिवलीकराला कांदिवली. जमिनीचे प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयात, म्हणजे महापालिकेतही नाही, महसूल खात्यात. पहिल्यांदा येणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. तो वॉर्ड ऑफिसात अर्ज देतो आणि महिनाभर वाट पाहतो.

बांधकामाच्या कागदांना हात लावायची लढाई मुंबईच्या नव्हे, पुण्याच्या बांधकामांवरून जिंकली गेली. पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाने दिलेल्या बांधकाम परवानग्यांची कागदपत्रे बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपला पाहायची होती. बोर्डाने नाही म्हटले. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नागरिकांच्या बाजूने कौल दिला. शेजारी काय उभे राहते आहे हे पाहण्याचा हक्क नुसत्या मालकाचा नाही, हे तिथे मान्य झाले. निकाल मोलाचा होता, पण दर नकाशासाठी उच्च न्यायालय गाठणे कोणाला परवडणार?

उपनगरांत त्याच काळात वेगळेच काही शिजत होते. १९९६ मध्ये घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी गल्लीचा कचरा स्वतः वेगळा करायला सुरुवात केली, आणि त्यातून महापालिकेची 'एएलएम' योजना निघाली : गल्लीगल्लीची नागरिक मंडळे, वॉर्ड अधिकाऱ्यांशी थेट बोलणारी. कचऱ्यावरून बोलायला गेलेला माणूस रस्त्यावर येतोच. रस्ता पुन्हा का खोदला, कंत्राट कोणाचे, हमीची मुदत किती, हे प्रश्न तोंडी विचारले की उत्तर मिळे, 'साहेब साइटवर गेलेत.'

राज्याने २००० साली एक दुबळा माहिती कायदा केला होता. अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या रेट्याने २००२ मध्ये त्याच्या जागी दमदार कायदा आला. त्याच्या जोरावर, पुढे केंद्रीय माहिती आयुक्त झालेल्या मुंबईच्या शैलेश गांधींनी पोलिसांच्या बदल्यांसाठी आलेल्या राजकीय शिफारशींची माहिती मागवली होती. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर केंद्राचा कायदा लागू झाला. त्याची कलमे पुष्कळ. पण वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर खरी उलथापालथ केली ती कलम ६(२) ने. माहिती का हवी, हे अर्जदाराला विचारायचे नाही. 'कशाला हवंय तुम्हाला?' हे शंभर वर्षांचे वाक्य एका ओळीने बेकायदा ठरले. (बंद झाले असे नाही.)

बाकीचा विधी आता पाठ झाला आहे. पांढऱ्या कागदाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. चुकार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड. जानेवारी २०१२ मध्ये राज्याने अर्जाला १५० शब्दांची मर्यादा घातली, एका अर्जात एकच विषय. निवृत्त मराठी माणसाला १५० शब्दांत बसवणे ही खरी शिक्षा होती.

कचेरीनेही आपली ठेवणीतली उत्तरे घडवली. 'आपला अर्ज कलम ६(३) अन्वये हस्तांतरित करण्यात येत आहे' हे पहिले. अर्ज पाच दिवसांत योग्य खात्याकडे जावा म्हणून केलेली ही तरतूद कधी खरी मदत होते, कधी चेंडू टोलवायची बॅट. 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' हे दुसरे. आणि सगळ्यांत भारी : 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' सरकारी दप्तराची वर्गवारी असते. 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षांचे, 'ड' वर्षभराने फाडायचे. पण फाइल कुठल्या वर्गात होती याची नोंदच सापडली नाही, तर ती फाडली, हरवली की पळवली, हे कोण सांगणार? महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ चाच. त्यात दप्तर नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ज्या उत्साहाने माहितीच्या कायद्याची पुस्तके खपली, त्या उत्साहाने या कायद्याकडे कोणी पाहिले नाही.

बेकायदा बांधकामाची माहिती काढून बिल्डरकडून पैसे उकळणारे अर्जदार आहेत; वॉर्डातले अभियंते त्यांच्याबद्दल तळतळून बोलतात आणि ते खोटे नसते. याच उपनगरांत, ऑक्टोबर २०१६ मध्ये, कालिन्याच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला राहत्या घरात गोळी घातली गेली. जमिनींवरच्या अतिक्रमणांचा तो पाठपुरावा करत होता. दोन्ही गोष्टी एकाच खिडकीवरच्या आहेत.

कागद वेळेवर न मागण्याची, आणि न सांगण्याची, किंमत काय असते ते मुलुंडने पाहिले. १९५६-५७ मध्ये सरकारने १९२७ च्या वन कायद्याखाली विक्रोळी, मुलुंड, बोरिवलीकडच्या अनेक खासगी जमिनींबाबत नोटिसा काढल्या : ही जमीन वन म्हणून नियंत्रणाखाली का आणू नये, कारण दाखवा. नोटिसा राजपत्रात छापल्या गेल्या. पुढे काहीच झाले नाही. १९७५ मध्ये खासगी वने संपादन कायदा आला, तेव्हाही त्या जमिनींवर कोणी ताबा घ्यायला आले नाही. उलट महापालिकेने नकाशे मंजूर केले, इमारती उठल्या, बँकांनी कर्जे दिली. फ्लॅट घेणाऱ्यांचे वकील रिवाजाप्रमाणे तीस वर्षांचा 'सर्च' घेत. नव्वदच्या दशकात मागे तीस वर्षे गेले तर साठचे दशक लागते, १९५६ चे राजपत्र नाही. अचानक २००५-०६ च्या सुमारास महसुली दप्तरात नोंदी चढल्या : ही जमीन खासगी वन, म्हणजे सरकारची. हजारो कुटुंबांचे घर एका रात्रीत जंगलात गेले. विकता येईना, पुनर्विकास करता येईना. मार्च २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली.

३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात ते फिरवले. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला पोचली पाहिजे आणि तिचा मागोवा घेतला गेला पाहिजे. पन्नास वर्षे पडून राहिलेल्या कागदाच्या जोरावर लोकांची घरे घेता येत नाहीत, असा निकालाचा आशय. आवक-जावकच्या कारकुनाला जे रोज विचारतात, 'पोच आहे का?', तेच न्यायालयाने सरकारला विचारले होते.

विखुरलेल्या कागदांची किंमत घाटकोपरने मोजली. १३ मे २०२४ ला तिथल्या छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर १२० फूट लांब, १२० फूट रुंद जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. जागा लोहमार्ग पोलिसांची, परवानगी महापालिकेची नव्हे, असे दुसऱ्या दिवसापासून कागद बाहेर पडू लागले आणि एन वॉर्डने पाठवलेल्या नोटिसांची चर्चा सुरू झाली. एवढा मोठा फलक सगळ्यांना दिसत होता. त्याचे कागद मात्र वेगवेगळ्या कचेऱ्यांत होते.

असे कागद पाहण्याची एक वाट त्याआधीच उघडली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने पुणे महापालिकेचा एक रिवाज उचलला : दर सोमवारी दुपारी ३ ते ५, जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत, नागरिकाने यावे आणि अर्ज न करता फाइल पाहावी. दोन तासांत नस्ती उघडायची, टिपण्या वाचायच्या, हवी ती पाने खुणावायची आणि मग पानामागे २ रुपयांनी मोजून घ्यायची. मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यासाठी आधी हे शोधून ठेवावे की त्या सोमवारी त्याने देवीदयाल मार्गाला जायचे आहे की विक्रोळीला.