हिवाळ्यातील महामार्ग आणि मोटारीचा क्लच

सुरत शहरालगत, तापी नदीच्या काठी कामरेज हे तालुक्याचे गाव आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ येथेच तापी ओलांडतो आणि सुरतहून वराछा, सरथाणामार्गे येणारा रस्ता कामरेज चार रस्ता येथे त्याला मिळतो. बेळगाव, कोल्हापूर, पुणे या वाटेने जाणारा हाच महामार्ग असल्याने गोमंतकीय प्रवाशाला तो अपरिचित नाही. गोवा, दमण आणि दीव हा १९८७ पर्यंत एकच केंद्रशासित प्रदेश होता. त्या काळापासूनचे नोकरीचे व नातेसंबंधांचे धागे आजही टिकून आहेत. दमणहून भडोचमार्गे रस्त्याने दीवला जाणारी मोटार कामरेजवरूनच पुढे जाते.

हिवाळा सुरू झाला की या टापूत वाहनांची गती मंदावते. दिवाळीच्या सुट्टीत सुरतेतील हिरे कारागीर कुटुंबांसह सौराष्ट्रातील गावी निघतात आणि चार रस्त्यावर बस-मोटारींची दाटी होते. त्याच सुमारास उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. बारडोली, सायण, चलथाण, मढी आदी सहकारी साखर कारखान्यांकडे जाणारे उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर मार्च-एप्रिलपर्यंत रस्त्यावर असतात. कालव्याच्या पाण्यावर भिजणारी शेते आणि तापीचे पात्र यांमुळे पहाटे अनेकदा धुके दाटते. क्लचवर ताण पडतो तो या संथ, अडखळत्या वाहतुकीमुळे. पारा उतरल्यामुळे पडणारा ताण त्यामानाने किरकोळ असतो.

सुरतमध्ये जानेवारीतील किमान तापमान सरासरी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या गारव्याने गिअरबॉक्समधील तेल काहीसे घट्ट होते, इतकेच. ८० डब्ल्यू ९० अशा नावातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. ८० डब्ल्यू श्रेणीच्या तेलाची थंडीतील चाचणी उणे २६ अंशांवर, तर ७५ डब्ल्यूची उणे ४० अंशांवर घेतली जाते. कामरेजची वा साखळीची थंडी या मर्यादांच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे केवळ हिवाळा आला म्हणून तेल बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो खुशाल बाजूला ठेवावा. तेल बदलायचे ते निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने आणि त्याच श्रेणीचे. जीएल-४ सांगितले असताना जीएल-५ तेल भरणे टाळावे. त्यातील काही रसायने गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना बाधक ठरू शकतात.

या पितळी कड्यांना सिंक्रोनायझर म्हणतात. गिअर बदलताना दोन दातेरी चाकांची गती जुळवून देणे हे त्यांचे काम. त्यासाठी कड्याला मधला तेलाचा पातळ थर कापून घर्षण निर्माण करावे लागते. तेल गार व घट्ट असेल तर त्याला क्षणभर अधिक लागतो आणि दुसरा गिअर अडल्यासारखा वाटतो. पहिली काही मिनिटे असे होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी दांडा जोराने ढकलू नये, हलक्या दाबाने थांबून बदलावा. गाडी उभी ठेवून दहा मिनिटे इंजिन तापवण्याचा फारसा उपयोग नाही. गिअरबॉक्स खरा ऊबदार होतो तो सावकाश चालवल्याने. मात्र इंजिन पुरते तापल्यावरही खरखर ऐकू येत असेल, तर तो दोष थंडीचा नव्हे. क्लच पूर्ण सुटत नसावा किंवा कडी झिजली असावी.

क्लचची रचना साधी आहे. इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्या चिमट्यात क्लच प्लेट धरलेली असते. पकड पूर्ण असताना झीज जवळजवळ होत नाही. पाय अर्धवट दाबलेला असताना मात्र प्लेट घसरत राहते, तापते आणि तिचे अस्तर झिजते. चालकांच्या भाषेत हाच ‘हाफ क्लच’. धुक्यात पुढचे दिवे अचानक लाल होतील या धास्तीने पाय पेडलवरच ठेवला जातो आणि प्लेटबरोबर रिलीज बेअरिंगही खराब होते.

सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये, पाय पेडलवरून पूर्ण काढला तरी बहुतेक मोटारी ताशी सहा-सात किलोमीटर वेगाने स्वतः सरकतात. म्हणून रांगेत पुढच्या वाहनाशी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच सरकावे. दर चार फुटांना क्लच दाबू नये. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा. थांबा लांबला की गिअर काढून पाय मोकळा करावा. चढावर गाडी रोखायला हँडब्रेकच वापरावा. चोर्ला वा अनमोड घाटात, तसेच सुरत-धुळे मार्गावरील कोंडाईबारी घाटात सर्वाधिक क्लच याच चुकीने जळतात. एएमटी मोटारीत पेडल नसले तरी आत क्लच तोच असतो. चढावर केवळ ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली तर तोही तापतो.

गोव्यासारख्या दमट प्रदेशात आणखी एक अनुभव येतो. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी निघताना थरथरते, कारण फ्लायव्हीलवर गंजाचा सूक्ष्म थर चढलेला असतो. चार-दोन वेळा क्लच वापरताच ती थरथर थांबते. हायड्रॉलिक क्लचमधील द्रव हवेतील ओलावा शोषतो, म्हणून तो साधारण दोन वर्षांनी बदलणे हिताचे.

गोठवणाऱ्या थंडीचे नियम निराळे आहेत. अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये किंवा लडाखमध्ये बर्फावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हलवतात, म्हणजे चाके जागीच फिरत नाहीत. रात्री हँडब्रेकची ओली केबल गोठू नये म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतात.

लांबच्या प्रवासाआधी एक परीक्षा घरीच करता येते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ताशी चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर प्लेट घसरत आहे असे समजावे व दुरुस्तीनंतरच निघावे. वाटेत जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून, गिअर काढून, पाय पेडलवर न ठेवता वीस मिनिटे क्लच निवू द्यावा. धुक्यात महामार्गावर गाडीची ओढच संपली तर मागून येणारे ट्रक हा खरा धोका असतो. गाडी उतारगतीने डाव्या कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर सुरू करावेत, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा. प्रवाशांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.