चिखलासाठी पिकअपला कोणता टायर घ्यावा? टायरवरची अक्षरं मोबाईलने वाचा आणि मगच ठरवा

शॉपिंग अ‍ॅपवर टायर शोधला की नावापुढे ‘मड’, ‘स्नो’, ‘ऑल टेरेन’ असे शब्द दिसतात आणि फोटोतला टायर एकदम दणकट वाटतो. घरच्या पिकअपसाठी टायर बघायचं काम हल्ली मोबाईलवाल्या पोराकडेच येतं. निवड चुकली तर धानाचे कट्टे भरलेली गाडी पांदण रस्त्यात फसते, नाहीतर डांबरी रस्त्यावर नवाकोरा टायर भराभर झिजतो. म्हणून आमच्या लाखांदूर तालुक्यातले रस्ते डोळ्यासमोर ठेवून मी हे समजावून सांगतो.

चिखलात चाक जागेवर का फिरतं?

टायरच्या नक्षीत उंच गोटे असतात आणि त्यांच्यामध्ये खाचा. चिखलात हे गोटे मातीत घुसतात, माती मागे ढकलतात आणि गाडी पुढे जाते. पण खाचा चिकट मातीने भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि नुसता फिरत राहतो. म्हणून चिखलाच्या टायरचं खरं काम आहे फिरता फिरता अडकलेली माती बाहेर फेकणं. त्यासाठी खाचा रुंद आणि खोल हव्यात, आणि त्या टायरच्या कडेपर्यंत उघड्या हव्यात.

आपली माती कोणती?

आपल्याकडे जुनी माणसं जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी अशी नावं देतात. कन्हार म्हणजे खोल, काळी, चिकट जमीन. पावसात ती चाकाला लगद्यासारखी लागते. इथे रुंद खाचांशिवाय निभाव लागत नाही. सिहारमध्ये वाळूचं प्रमाण जास्त, त्यामुळे ती टायरला कमी चिकटते. खरडी उथळ असते, खाली लवकर कडक थर लागतो, तिथे साधा टायरही बऱ्याचदा निघून जातो. बांधीपर्यंत जाणारा तुमचा रस्ता कोणत्या मातीचा आहे, हे आधी घरी विचारा. अ‍ॅपवर ते लिहिलेलं नसतं.

टायरचे मुख्य प्रकार

• रिब टायर: गोल फिरणाऱ्या सरळ रेघांची नक्षी. डांबरी रस्त्यावर कमी झिजतो, स्टेअरिंग हलकं राहतं. चिखलात मात्र कमजोर.
• लग टायर: आडवे, जाड गोटे. माती पकडतो आणि फेकतो. डांबरी रस्त्यावर आवाज करतो.
• सेमी-लग: मध्ये रेघा, कडेला गोटे. दोन्हीकडे बऱ्यापैकी चालतो.

ट्रकवाले पुढे रिब आणि मागे लग टाकतात, त्याचं कारण हेच. पुढचं चाक गाडी वळवतं, मागचं चाक गाडी ढकलतं. नेहमीच्या पिकअपमध्ये आणि छोट्या हत्तीतही इंजिनची ताकद मागच्या चाकांनाच मिळते. म्हणून पैसे कमी असतील तर चांगली पकड आधी मागे द्या. मात्र एकाच अ‍ॅक्सलवर डावा-उजवा टायर वेगळ्या नक्षीचा लावू नका.

ट्रॅक्टरचं गणित वेगळं. त्याच्या टायरवर ‘आर-१’ असेल तर तो साधा शेतीचा. ‘आर-२’ हा खास ऊस आणि धानाच्या ओल्या शेतासाठी असतो, त्याचे गोटे जवळपास दुप्पट खोल असतात. चिखलणीला तो भारी, पण रोज डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढायची असेल तर तेच गोटे लवकर झिजतात.

‘एम प्लस एस’ म्हणजे काय?

टायरच्या बाजूला इंग्रजी एम, अधिकचं चिन्ह आणि एस दिसलं तर त्याचा अर्थ ‘मड अँड स्नो’, म्हणजे चिखल आणि बर्फ. हे चिन्ह नक्षीच्या रचनेवरून दिलं जातं, त्यासाठी बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचा कण असं चित्र असेल, तर मात्र तो टायर बर्फावर चाचणी होऊन पास झालेला असतो.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. चिखलात टायरने माती फेकून द्यायला हवी, तर बर्फात टायरने थोडा बर्फ खाचांत धरून ठेवायला हवा, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. म्हणून बर्फाच्या टायरवर बारीक-बारीक चिरा असतात आणि त्याचं रबर थंडीतही मऊ राहतं. साधं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. तिथे हे मऊ रबर भराभर झिजेल. मनालीच्या पुढे अटल बोगद्याकडे हिवाळ्यात जाणाऱ्याला चाकावर साखळी लावायची वेळ येते, लाखांदूरच्या गाडीला नाही. म्हणून डोंगर-बर्फाचं चित्र बघून जास्त पैसे देऊ नका.

मोबाईलने टायर कसा वाचायचा?

काळ्यावर काळी अक्षरं दिसत नसतील तर टॉर्च बाजूने तिरका धरा आणि फोटो काढून मोठा करून बघा.

१. साईज: उदाहरणार्थ १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलीमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंच. जुन्या टायरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असेल तीच साईज घ्या.
२. लोड इंडेक्स: साईजनंतरचा आकडा. १०० म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो, मागच्या दोन टायरवर मिळून १६०० किलो. एक कट्टा ४० किलोचा धरला तर ३० कट्टे म्हणजेच १२०० किलो. त्यात गाडीचं मागचं स्वतःचं वजन मिळवा, म्हणजे मर्यादा किती जवळ आहे ते कळेल. जुन्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीच घेऊ नका.
३. तारीख: ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. डिलिव्हरी घेताना हे नक्की बघा.
४. बाण: काही टायरवर फिरण्याची दिशा दिलेली असते. उलटा लावला तर माती बाहेर जायच्या ऐवजी आत दबते.
५. झीज: खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, चारचाकीत साधारण १.६ मिलीमीटरचे. नक्षी तिथपर्यंत आली की टायर बदलायचाच. चिखलातली पकड तर त्याच्या कितीतरी आधीच गेलेली असते.

हवा कमी करावी का?

हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो, कमी रुततो. पण भरलेल्या गाडीची हवा कमी करू नका. टायर रिमवरून निसटू शकतो. तशीच गाडी साकोलीजवळ हायवेला लागली तर टायर तापून फुटू शकतो. रिकामी गाडी काढण्यापुरती हवा कमी केली, तर लगेच पंप गाठा आणि तोवर हळू चालवा.

गाडी फसलीच तर

अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक आणखी खड्डा करतं. चाकापुढची माती काढा, तणस, फांद्या किंवा फळी टाका, काही कट्टे उतरवा आणि खालच्या गिअरमध्ये हळूच सोडा. ट्रॅक्टरने ओढताना दोराच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका, व्हिडिओ काढणाऱ्यालाही नाही. ताणलेला दोर किंवा साखळी तुटली तर जीव जाऊ शकतो.

मग घ्यायचं काय?

महिन्यातले बहुतेक दिवस गाडी वडसा, पवनी, साकोली अशा डांबरी रस्त्यावर असेल आणि शेतात फक्त धान उचलायलाच जात असेल, तर मागे सेमी-लग, पुढे रिब. रोजचं येणं-जाणं कन्हार जमिनीतल्या पांदणीतून असेल तर मागे लग. आणि पावसाने बांधीत पाणीच साचलं असेल तर कोणत्याही टायरवर विसंबू नका. गाडी मुरमाच्या रस्त्यावर उभी करा आणि कट्टे ट्रॅक्टरने तिथपर्यंत आणा.